जुन्या ऑक्टाव्हिया आरएसचा रेडिएटर फॅन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान पहिल्या पिढीच्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएससाठी आहे, म्हणजे १.८ टर्बो पेट्रोलवाली. भारतात ऑक्टाव्हिया २००१ साली आली आणि ती औरंगाबादजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जोडली जात असे. चौथ्या पिढीच्या फोक्सवॅगन गोल्फशी तिचा सांगाडा आणि बरीचशी वायरिंग सामायिक आहे, त्यामुळे इथली बहुतेक माहिती त्या कुळातल्या १.८ टर्बो गाड्यांनाही लागू पडते. या गाड्या आता वीस वर्षांच्या झाल्या. इंजिन अजून दणकट असतं, पण फॅनचं सर्किट थकलेलं असतं. गाडी गरम झाली की गॅरेजमध्ये सरसकट फॅन मोटर बदलली जाते, आणि निम्म्या वेळा दोष दुसरीकडेच निघतो. तो आधी कसा पकडायचा, ते इथे दिलं आहे.

गाडी गरम होते. दोष फॅनचाच आहे हे कशावरून ओळखायचं?

गरम कधी होते ते आधी बघा. सिग्नलला, टोलनाक्यावर किंवा खंबाटकीच्या कोंडीत काटा चढतो आणि मोकळा रस्ता लागून वेग साठ-सत्तरला गेला की दोन-तीन मिनिटांत खाली येतो, असं असेल तर संशय फॅनवर घ्या. चालत्या गाडीत समोरचा वारा फॅनचं काम करतो, उभ्या गाडीत तो नसतो.

उलट, हायवेला वेगात किंवा चढावर गरम होत असेल आणि उभी असताना ठीक राहत असेल, तर फॅनला हात लावू नका. तिथे चोंदलेला रेडिएटर, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप) किंवा वॉटर पंप शोधा. या इंजिनाच्या मूळ वॉटर पंपाचा आतला पंखा प्लास्टिकचा होता. तो तडकतो किंवा शाफ्टवर सुटा फिरतो, आणि बाहेरून पंप धडधाकट दिसतो. खूण अशी, की काटा वर असतानाही हीटरमधून गार हवा येते. पंप टायमिंग बेल्टवर चालतो, म्हणून बेल्ट बदलताना पंपही बदलायचा, आणि तो धातूच्या पंख्याचा घ्यायचा.

काटा तर मध्यावरच आहे, मग गाडी गरम कशी?

या पिढीच्या मीटरमध्ये काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला आहे. कूलंट साधारण ७५ अंशांवर असो वा १०५, काटा ९० वरच दिसतो. तो हलला म्हणजे बराच उशीर झाला. खरं तापमान ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) बघा. इंजिन मोड्यूलच्या लाइव्ह डेटात कूलंटचं तापमान अंशांत दिसतं. ट्रॅफिकमध्ये ९० ते १०० च्या दरम्यान वरखाली होणं ठीक आहे. १०५ ओलांडून चढतच राहिलं, तर काटा काहीही म्हणो, गाडी थांबवा.

स्कॅनरवरचा आकडाच वेडावाकडा उड्या मारत असेल (८८ वरून एकदम ४०, पुन्हा ९२), तर इंजिनाचा टेम्परेचर सेन्सर गेला आहे. या गाड्यांचा काळ्या टोपीचा जुना सेन्सर त्यासाठी बदनाम आहे. बदली म्हणून हिरव्या टोपीचा येतो, पार्ट नंबर ०५९ ९१९ ५०१ ए. सोबत नवी ओ-रिंग आणि क्लिप घ्या, जुनी ओ-रिंग हमखास गळते.

फॅन सुरू व्हायचा हुकूम नेमका कोण देतं?

हे एकदा नीट कळलं की पुढचं सगळं सोपं जातं.

रेडिएटरमागे दोन फॅन आहेत, एक मोठा आणि एक छोटा. दोघांनाही दोन वेग आहेत, स्लो आणि फास्ट. रेडिएटरच्या खालच्या भागात, गाडीत बसल्यावर जी डावी बाजू येते त्या बाजूला, तीन पिनांचा थर्मोस्विच घट्ट बसवलेला असतो. त्यात दोन टप्पे असतात. पहिला टप्पा ९२ ते ९७ अंशांना जोडला जातो आणि फॅन स्लोवर चालतात. दुसरा ९९ ते १०५ ला जोडला जातो आणि फॅन फास्टवर जातात. थंड होताना पहिला ८४ ते ९१ आणि दुसरा ९१ ते ९८ अंशांच्या दरम्यान सुटतो.

दुसरा हुकूम एसीकडून येतो. एसी चालू केला की पाणी थंड असलं तरी दोन्ही फॅन लगेच स्लोवर फिरायला हवेत. एसीच्या गॅसचा दाब साधारण १६ बारच्या वर गेला की ते फास्टवर जातात. हे सगळं फॅन कंट्रोल मोड्यूल सांभाळतं. बॅटरीच्या खाली, डाव्या चॅसिसला लावलेला तो काळा डबा. एसी कॉम्प्रेसरच्या क्लचचा करंटही त्यातूनच जातो.

इथली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे थर्मोस्विच रेडिएटरमधलं पाणी मोजतो, इंजिनामधलं नाही. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला, तर इंजिन उकळत असताना रेडिएटर गार राहतो आणि फॅन लागत नाही. अशा वेळी फॅन, स्विच आणि मोड्यूल तिन्ही ठणठणीत असतात. इंजिन तापलेलं असताना रेडिएटरचा खालचा पाइप जपून चाचपून बघा. वरचा चटका देतो आणि खालचा कोमट असेल, तर आधी थर्मोस्टॅट बदला. कूलंट कमी असेल किंवा आत हवा अडकली असेल तरी हेच होतं, कारण स्विचचं टोक पाण्याऐवजी हवेत राहतं.

घरच्या घरी पहिली चाचणी कोणती?

एसीची. बॉनेट उघडा, इंजिन चालू करा, एसी सर्वात थंडवर ठेवा आणि फॅनकडे बघा.

दोन्ही फॅन फिरले तर मोड्यूल, फ्यूज, अर्थ (चॅसिसकडे जाणारा ऋण जोड) आणि मोटरचा स्लो वेग ठीक आहे. संशय थर्मोस्विचवर, किंवा वर सांगितलेल्या थर्मोस्टॅटवर जातो. एकच फिरला तर न फिरणाऱ्याची मोटर किंवा तिचा कपलर (वायरचा प्लग) बघा. एकही फिरला नाही आणि कॉम्प्रेसरचा ‘टक’ आवाजही आला नाही, तर फ्यूज किंवा मोड्यूल. फॅन फिरत नाहीत पण कॉम्प्रेसर लागतो, असं दिसलं तर एसी लगेच बंद करा. कंडेन्सरवर (रेडिएटरपुढची एसीची जाळी) वारा नसताना दाब भराभर चढतो आणि सुमारे ३२ बारला सिस्टिम स्वतःच कॉम्प्रेसर बंद करते. रोज तसं होऊ देणं कॉम्प्रेसरच्या जिवावर येतं.

या चाचणीत हात लांब ठेवा. चावी काढलेली असली तरी थर्मोस्विचला बॅटरीचा थेट करंट असतो आणि फॅन केव्हाही सुरू होऊ शकतो. लांब बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी काढूनच बॉनेटखाली वाका.

फ्यूज कुठे आहे आणि काय बघायचं?

बॅटरीच्या वरच्या झाकणातच मोठ्या फ्यूजचा डबा आहे. या गाड्यांमध्ये सगळ्यात जास्त वेळा दोष इथेच सापडतो. फॅनचा फ्यूज सहसा ३० अँपिअरचा असतो. झाकणावरची खूण बघून खात्री करा, कारण त्याच डब्यात अल्टरनेटर आणि एबीएसचेही फ्यूज आहेत.

नुसतं वरून बघून ‘फ्यूज शाबूत आहे’ म्हणू नका. फ्यूजची पट्टी अखंड असते, पण खालचं प्लास्टिक वितळून तपकिरी झालेलं असतं आणि नट सैल पडलेला असतो. अशा सैल जोडावर टेस्टर पेटतो. प्रत्यक्ष फॅनचा भार आला की मात्र तिथेच व्होल्टेज पडतं आणि जोड आणखी तापतो. बॅटरीची अर्थ केबल काढा, नट खोला, डबा उलटा करून खालची बाजू तपासा. वितळलेला असेल तर पूर्ण डबा बदला. फ्यूज खरवडून पुन्हा बसवला तर तो महिनाभरात पुन्हा वितळतो.

डबा वितळला याची कारणं दोन: सैल नट, किंवा जड झालेली मोटर जी जास्त करंट ओढते. नवा डबा लावल्यावर मोटरचा करंट मोजल्याशिवाय काम संपलं असं समजू नका. ३० चा फ्यूज उडतो म्हणून ४० चा टाकणं तर अजिबात नको, मग फ्यूजऐवजी वायर जळते.

थर्मोस्विच कसा तपासायचा?

दोन पद्धती आहेत. पहिली गाडीवरच. चावी बंद ठेवून स्विचचा कपलर काढा. तीन टोकांपैकी एकावर कायम बॅटरीचा करंट असतो, ते टेस्ट लॅम्पने शोधा. मग मध्ये फ्यूज असलेली जाड वायर (निदान २.५ चौरस मिलिमीटरची) घेऊन ते टोक उरलेल्या दोनपैकी एकेकाला जोडा. एकावर फॅन स्लो आणि दुसऱ्यावर फास्ट चालायला हवेत. दोन्ही चालले तर पुढची सगळी वायरिंग ठीक आहे आणि स्विच बदलायचा. कुठल्याच टोकाला करंट नसेल तर फ्यूजकडे परत जा.

दुसरी पद्धत स्विच काढून गरम पाण्यात तपासायची. इथे एक मेख आहे. दुसरा टप्पा ९९ ते १०५ ला जोडला जातो, आणि पुण्या-नाशिकच्या उंचीवर साधं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. त्यामुळे चांगला स्विचही ‘फास्ट बाद’ ठरवला जातो. निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी घ्या, ते शंभराच्या बरंच वर जाऊन उकळतं. स्विचचं फक्त धातूचं टोक बुडवा, सोबत थर्मामीटर ठेवा. कूलंट विषारी आहे, म्हणून भांडं टाकून द्यायचं घ्या, आणि शेगडी स्वयंपाकघरात नव्हे तर मोकळ्या हवेत लावा.

मल्टिमीटरचा ‘बीप’ पुरावा मानू नका. काजळी धरलेला संपर्क मीटरला जोडलेला दिसतो आणि भार आला की हार मानतो. स्विचच्या पुढे ५५ वॅटचा हेडलाइटचा बल्ब जोडा. तो पूर्ण उजेडाने पेटला तरच स्विच पास.

स्विच बदलताना काय सांभाळायचं?

इंजिन पूर्ण थंड. विस्तार टाकीचं झाकण आधी सावकाश उघडा. नवा स्विच हाताशी ठेवा, म्हणजे जुना निघताच तो लावता येतो आणि अर्ध्या लिटरच्या आसपासच कूलंट सांडतं. आटे २२ मिलिमीटरचे आहेत आणि आवळायचा जोर (टॉर्क) ३५ न्यूटन मीटर. रेडिएटरच्या कडेची टाकी प्लास्टिकची असते, लांब पान्याने जोर लावला तर ती तडकते आणि शंभराचं काम हजारात जातं. पार्ट नंबर १जे० ९५९ ४८१ ए. अंगावर ९५-८४ आणि १०२-९१ असे आकडे कोरलेले असतात, ते जुळवा. बाजारात दोन पिनांचे आणि दुसऱ्या तापमानांचे स्विच दिसायला हुबेहूब मिळतात.

मोटर गेली आहे हे पक्कं कसं ठरवायचं?

मोटरचा कपलर काढून तिला थेट बॅटरीवरून चालवून बघा. तपकिरी वायर अर्थची, जर्मन गाड्यांत ती खूण कायम असते. उरलेली दोन टोकं स्लो आणि फास्टची. फ्यूज असलेली वायर वापरा आणि पाती मोकळी आहेत याची खात्री करूनच जोडा.

फास्टवर चालते आणि स्लोवर नाही, हा या मोटरांचा ठरलेला आजार. स्लो वेगासाठीचा रेझिस्टर मोटरच्याच अंगात असतो आणि तो जळतो. अशी गाडी फसवते: फास्ट चालत असल्यामुळे मालक समजतो फॅन ठीक आहे, पण दरवेळी पाणी शंभराच्या पुढे गेल्याशिवाय वारा लागत नाही आणि उभ्या गाडीत एसी कोमट होतो. रेझिस्टर वेगळा बसवून देणारे कारागीर आहेत. आमचं मत मोटर बदलण्याच्या बाजूचं आहे, कारण रेझिस्टर जळण्याच्या वयात मोटरचे कार्बन ब्रश आणि बुशही (शाफ्ट ज्यात फिरतो त्या कड्या) झिजलेले असतात.

दोन्ही वेगांवर चालली तरी तपासणी अपुरीच आहे. फॅन बंद असताना पातं बोटाने फिरवा (बॅटरी काढून). ते अलगद दोन-तीन फेरे फिरून थांबायला हवं. जागच्या जागी थांबलं, खरखर आली किंवा पातं वरखाली हललं तर बुश गेले. मग करंट मोजा. मल्टिमीटरच्या १० अँपिअरच्या टोकाने मोजायला जाल तर मीटरचा फ्यूज उडेल. क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) लागतो, तोही बॅटरीचा डीसी करंट मोजणारा. घरगुती वायरमनकडचा साधा क्लॅम्प फक्त घरच्या विजेचा (अल्टरनेटिंग) करंट दाखवतो आणि इथे शून्यच दिसेल. सुरू होताना करंट क्षणभर उसळतो, तो सोडून द्या. स्थिर झाल्यावर मोठा फॅन फास्टला २५ अँपिअरच्या वर राहत असेल, तर मोटर जड झाली आहे.

सगळं नवं टाकलं, तरी फॅन मंद फिरतो. का?

अर्थ. पावसाळ्यात बॅटरीखाली पाणी आणि चिखल साचतो, चॅसिसवरचा अर्थचा जोड हिरवा पडतो. फॅन चालू असताना मल्टिमीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरं मोटरच्या तपकिरी वायरवर लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर जोड साफ करा. धन बाजूला हेच मोजा, ०.५ पर्यंत चालेल. भार नसताना केलेलं मोजमाप इथे निरुपयोगी आहे.

उंदीर हेही खरं कारण आहे. चाळीत, सोसायटीच्या तळघरात किंवा शेताजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीची फॅनची वायर रेडिएटरच्या खालच्या कडेने कुरतडलेली सापडते.

मोड्यूल केव्हा बदलायचं?

सगळ्यात शेवटी. मोटर थेट चालते, फ्यूज आणि अर्थ ठीक आहेत, मोड्यूलपर्यंत करंट येतो आणि तरी एसी लावल्यावर फॅनही नाहीत आणि कॉम्प्रेसरही नाही, तेव्हा. दुसरी खूण, चावी काढून गाडी पूर्ण गार झाली तरी फॅन फिरतच राहतो आणि सकाळी बॅटरी संपलेली असते. म्हणजे आतला संपर्क चिकटला.

कपलर काढून पिना बघा, हिरव्या किंवा पांढऱ्या पावडरीने भरलेल्या असतील तर आधी इलेक्ट्रिकल क्लीनरने धुऊन पुन्हा तपासा. नंबर १जे० ९१९ ५०६ या मालिकेतला असतो आणि शेवटचं अक्षर गाडीप्रमाणे बदलतं. ते अक्षर जुन्या डब्याशी जुळवूनच घ्या, मग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुना घ्या किंवा नवा मागवा.

इंजिन बंद केल्यावरही फॅन काही मिनिटं चालतो. दोष आहे का?

नाही. टर्बो गाडी जोरात चालवून थांबवली की साठलेली उष्णता रेडिएटरपर्यंत येत राहते. पाच-दहा मिनिटं फॅन चालणं अपेक्षित आहे. थंडीत सकाळी, इंजिन सुरूही न करता चालत असेल तर वरचा मोड्यूलचा प्रश्न वाचा.

मेकॅनिक म्हणतो फॅन ‘डायरेक्ट’ करून देतो. करू का?

घाटात अडकून पडला असाल तर घरी पोहोचेपर्यंत, आणि तेही फ्यूज घालून. कायमचं नको. चावीवर सतत चालणारा फॅन मोटरचं आयुष्य खातो, चावीच्या स्विचमधून थेट भार घेतला असेल तर तो स्विच जळतो, आणि इंजिन बंद केल्यावर लागणारा फॅन कायमचा जातो. टर्बोला त्याच वाऱ्याची गरज असते. रिले घालून डॅशबोर्डवर बटण देणंही आम्ही सुचवत नाही. बटण दाबायचं विसरलं की इंजिनाचं हेड (सिलिंडरांवरचा वरचा भाग) वाकतं.

बाजारातला दुसऱ्या गाडीचा फॅन बसेल का?

बसवता येतो, पण दोन वेग जुळत नाहीत, आणि शेड (फॅनभोवतीचं प्लास्टिकचं आवरण) नसलेला फॅन रेडिएटरच्या जेमतेम निम्म्या भागातून हवा ओढतो. काहीही बसवलंत तरी दिशा बघा. फॅन मागून हवा खेचणारा आहे. पुढच्या जाळीवर कागद धरला तर तो चिकटायला हवा. उडून गेला तर वायरी उलट्या जोडल्या आहेत, आणि वेगात असताना फॅन समोरच्या वाऱ्याशीच झुंजतो आहे.

फॅन दणदणीत चालतो, तरी ट्रॅफिकमध्ये गरम होते?

कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत बघा. वरून दोन्ही स्वच्छ दिसतात, पण मधे धूळ, किडे आणि कापसाचा नमदा बसलेला असतो. विदर्भ-मराठवाड्यात फिरलेल्या गाड्यांत हे फार. फॅनची शेड काढून मागच्या बाजूने, कमी दाबाच्या पाण्याने पुढच्या दिशेला धुवा. प्रेशर वॉशर जवळून मारला तर जाळीचे पातळ पापुद्रे आडवे होतात आणि आधीपेक्षा वाईट अवस्था होते.

कूलंटही बघा. मूळ कूलंट गुलाबी जी-१२ आहे. त्यात कुणी हिरवं साधं कूलंट ओतलं असेल तर तपकिरी गाळ तयार होतो आणि रेडिएटर आतून चोंदतो. तेव्हा सिस्टिम धुऊन नवं भरा. कूलंटचं प्रमाण ४० टक्क्यांच्या खाली नेऊ नका आणि बोअरचं पाणी कधीच वापरू नका. महाराष्ट्रात गोठण्याची भीती नाही, पण गंज आणि उकळणं रोखायला तेवढं प्रमाण लागतंच. टाकीचं झाकण सुमारे १.४ ते १.६ बारला सुटायला हवं. त्याचं रबर कडक झालं असेल तर दाब टिकत नाही आणि कूलंट आधीच उकळतं.

रस्त्यातच फॅन बंद पडला. आता?

आधी एसी लावून बघा. फक्त थर्मोस्विच गेला असेल तर एसीच्या हुकुमाने फॅन फिरतात, आणि तसंच घरापर्यंत जाता येतं. तापमानावर लक्ष ठेवा. एसीने फॅन लागले नाहीत तर एसी लगेच बंद, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर पूर्ण जोरात आणि काचा खाली. हीटर हा छोटा रेडिएटरच आहे. मे महिन्यात त्रास होतो, पण इंजिन वाचतं. कोंडीत रखडण्यापेक्षा बाजूला लावून इंजिन बंद करा आणि रस्ता मोकळा झाल्यावर निघा.

लाल दिवा लागला तर पुढे एक किलोमीटरही नको. या इंजिनाचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा आहे. अतितापल्यावर हेड वाकतं, गॅस्केट जातं. झाकण निदान पाऊण तास उघडू नका आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका. थंड झाल्यावर कूलंट भरा, इंजिन चालू करून झाकण उघडंच ठेवा आणि टाकीत बघा. सतत बुडबुडे येत असतील तर गॅस्केट उडालं आहे, गाडी टोइंगवरच न्या.